माझ्या हाकेला आलेला एडका

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे माझ्या माहेरी, सासरी आणि मिरजेच्या आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे. लहानपणी मी चुलतभावाचा दात पाडला होता आणि तो उचलून त्यालाच दाखवला होता. आता पंचाहत्तरी उलटली, अंगात जोर राहिलेला नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही की त्या रागापायी मी एक जीव घेतलाय. माणसाचा नव्हे, एडक्याचा. माझ्या लेखी तो माणसाहून कमी नव्हता. कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसावं.

आमचं घर सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, कोरड्या माळावर. घर म्हणायचं आपलं, वर्षातले सात-आठ महिने आम्ही मेंढरांमागं असायचो. पाऊस सरला की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं आणि ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची. मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, म्हणून बागायतदार आम्हाला बोलावून घ्यायचे आणि धान्य द्यायचे. एका गावात आठ-पंधरा दिवस, मग पुढचं गाव. इस्लामपूरच्या आजूबाजूची रानं मी अशी अनवाणी पालथी घातली आहेत.

असंच एका रानात एक मेंढी विताना मेली. बानं ते ओलंचिंब कोकरू माझ्या परकराच्या ओच्यात टाकलं आणि म्हणाला, "जगलं तर तुजं." मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. कापडाची वात शेळीच्या दुधात बुडवून मी त्याला चोखायला दिली. पहिले तीन दिवस ते जगतंय की मरतंय कळत नव्हतं. चौथ्या दिवशी त्यानं माझं बोट असं चावलं की रक्त आलं. मी त्याच्या थोबाडीत दिली आणि मग त्याला पोटाशी धरून रडले. तेव्हापासून ते माझं.

दूध सुटल्यावर मी त्याला गुळाची चटक लावली. मुठीत गुळाचा खडा धरायचा, जीभ टाळ्याला लावून टक टक वाजवायची आणि म्हणायचं, "घे घे घे." कळपातून, ओढ्यापलीकडून, कुठूनही तो यायचा. वाटेत माणूस असो, भांडं असो, काटेरी कुंपण असो, सरळ त्यातून यायचा. मूठ हुंगायचा, मग मी मूठ उघडायची. आई मला मारायला धावली की तो तिला मागून ढुशी द्यायचा. आई आडवी व्हायची आणि शिव्या दोघांना मिळायच्या. आईला तो डोळ्यांसमोर नको असायचा.

दोन वर्षांत त्याची शिंगं दोन वेढे फिरली. मानेला जाडी आली. तसा अंगापिंडाचा एडका बघितला की आमच्या माणसांचे हात शिवशिवतात. त्या काळी जत्रेत कुस्त्यांच्या बरोबरीनं एडक्यांच्या टकरी लावत, आणि टकरीचा एडका ज्याच्या कळपात असेल त्याला बागायतदारही बसायला घोंगडं टाकत. बानं त्याला शेजारच्या बिऱ्हाडातल्या एडक्यासमोर उभा केला. समोरच्यानं धडक दिली, हा नुसता बघत राहिला. दुसरी धडक खाल्ली. लढायचं असतं हेच त्याच्या गावी नव्हतं. तो मान वळवून मला शोधत होता. मी समोरच्या एडक्याच्या मागं, पलीकडच्या कडेला उभी होते.

बाच्या डोक्यात तिथंच उजेड पडला. तो ओरडला, "पोरी, हाक मार त्याला!"

मी टक टक केलं, घे घे म्हणाले. तो सुटला. मधे दुसरा एडका होता. त्या धडकेचा आवाज माझ्या दातांत जाणवला. समोरचा एडका पुढच्या गुडघ्यांवर बसला आणि माझा त्याला ओलांडून माझ्यापाशी आला, मूठ हुंगू लागला. कपाळावरचं कातडं सोललं होतं. मी त्याला गूळ दिला आणि आनंदानं नाचले.

मग हीच आमची रीत झाली. बाकीचे लोक आपापल्या एडक्याच्या मागं उभे राहून त्याला चिथवायचे, दारू पाजायचे, शेपटी पिरगाळायचे. आम्हाला काही करावं लागत नसे. बा त्याचं शिंग धरून उभा राहायचा, मी समोरच्या एडक्याच्या मागं जाऊन हाक मारायची. धडक झाली की कुठलाही एडका आपणच मागं सरतो, पुन्हा धाव घ्यायला, ते त्याच्या रक्तातच असतं. तो मागं सरला की मी पुन्हा हाक मारायची. त्याचं कुणाशी वैर नव्हतं. त्याला माझ्याकडे यायचं असायचं आणि मधे कुणीतरी उभं असायचं. कराडकडच्या दोन जत्रा त्यानं अशाच मारल्या. एका एडक्याचं शिंग मुळातून उपटलं, दुसऱ्याचा डोळा गेला. लोक मला खांद्यावर घ्यायचे. मला ते आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. रात्री मी त्याच्या कपाळावर हळद थापायची, त्याला कुरवाळायची, आणि पुढच्या टकरीचा विचार करायची. ही दोन्ही कामं मला एकाच वेळी जमायची.

साठ-एकसष्टचा उन्हाळा असावा. आम्ही कृष्णाकाठच्या एका गावात बसलो होतो. ज्याच्या रानात मेंढरं होती त्या बागायतदाराकडे टकरीचा नावाजलेला एडका होता, काळाभोर, अंडी खाऊन पोसलेला. चैत्रातल्या जत्रेला आठ दिवस उरले होते. तो माणूस बांधावर आला, माझ्यामागं फिरणाऱ्या माझ्या एडक्याकडे बघून खो खो हसला आणि बाला म्हणाला, "ह्यो एडका हाय का पोरीचं कुत्रं रं? परकरामागं पळतंय नुसतं. आमच्या एडक्याफुडं आन की एकदा."

बानं ते हसण्यावारी नेलं. ज्याच्या रानात राहायचं त्याच्याशी वाद घालायचा नसतो. मी मात्र पुढं होऊन म्हणाले, "आनू की! तुमच्या एडक्याला गाडीत घालून न्यावं लागंल."

"आगं तुज्या..." असं म्हणत तो पुन्हा हसला आणि गेला. ते हसणं मी आठ दिवस चघळत बसले.

जत्रेच्या दिवशी सकाळी बानं एडक्याच्या कपाळावर अंगठा दाबून बघितला. मागच्या टकरीला महिनाही झाला नव्हता. शिंगाच्या मुळाशी एका जागी हाड दबल्यासारखं, मऊ लागत होतं. अंगठा दाबला की एडका डोळे मिटायचा. मला ते चार दिवस आधीपासून ठाऊक होतं. मी तिथं जाड हळद थापून ठेवली होती आणि कुणाला बोलले नव्हते.

"कपाळ मऊ लागतंय गं," बा म्हणाला. "आज न्हाई सोडायचा."

मी आकांत मांडला. पाणी प्यायचा तांब्या फेकला. म्हणाले, जत्रेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, तो माणूस हसेल, सगळे हसतील. बाला माझ्यापुढं कधी नाही म्हणता आलं नाही. सहा लेकरांतलं मी एकटंच जगलेलं. शेवटी तो म्हणाला, "बरं. दोन-चार टकरा बगू. पन आईक, त्यानं पाठ फिरवली की फिरवली. तू हाक मारायची न्हाईस. आपन त्याला घेऊन घरला जायचं."

"व्हय," मी म्हणाले.

टकरीचा नियम साधा होता. जो एडका पाठ फिरवतो तो हरला. पंच हातातली काठी आडवी धरतो आणि संपलं. मात्र काठी आडवी होण्याआधी एडका उलटा फिरला, तर टक्कर चालू.

दुपारी नदीच्या वाळूत रिंगण केलं होतं. हलगी कडाडत होती. मी काळ्या एडक्याच्या मागं जाऊन उभी राहिले. बागायतदार माझ्या शेजारीच होता, त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. पहिली टक्कर झाली आणि माणसं ओरडली. दुसरी, तिसरी. चौथ्या टकरीला काळ्या एडक्याच्या नाकातून रक्त आलं आणि मी बागायतदाराच्या तोंडावर हसले. सातव्या टकरीला माझ्या एडक्याच्या कपाळावरची हळद उडाली, खालून लाल दिसलं. नवव्या टकरीला तो धडकून मागं सरला तो वेडावाकडा, मागचे पाय एकमेकांत अडकले. अकराव्याला तो गुडघ्यावर आला. उठला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवली. बाच्या दिशेनं निघाला, हळूहळू, मान खाली घालून.

बा खांद्यावरचं घोंगडं काढून त्याला घ्यायला पुढं आला होता. पंचाचा हात उचलला जात होता. सगळं संपलंच होतं.

तेवढ्यात लोक हसले. सगळं मैदान हसलं. शेजारचा अत्तरवाला मांडीवर थाप मारून म्हणाला, "गेलं कुत्रं घरला."

माझ्या डोळ्यांपुढं लालभडक झालं. मला बागायतदाराचा राग आला, लोकांचा आला, पण सगळ्यात जास्त राग आला तो माझ्या एडक्याचा. माझ्याकडे पाठ करून जातोस? मी मूठ वर केली, जीभ टाळ्याला लावली आणि घसा फाटेस्तोवर ओरडले, "घे घे घे!"

तो वळला. बा ओरडला, "न्हाई!" पण तो वळला होता. धावायला लागला तेव्हा त्याची चाल तिरपी होती, एक बाजू ओढत होता, तरी जोर तोच. काळा एडकाही सुटला होता. या वेळी धडकेचा आवाज नेहमीचा नव्हता. ओलं लाकूड मोडावं तसा झाला. काळा एडका जागेवर उभा राहिला आणि माझा त्याच्या बाजूला कोसळला.

मी धावत गेले. त्याच्या नाकातून, कानातून रक्त वाळूत जात होतं. पुढचे पाय तो उकरल्यासारखे हलवत होता, अजून पुढं यायचं होतं त्याला. मी त्याच्या तोंडाजवळ बसले तर त्यानं माझी मूठ हुंगली. मुठीत काही नव्हतं. सकाळच्या भांडणात मी गूळ घ्यायचाच विसरले होते.

बा माझ्याजवळ टेकला. कपाळाला हात लावून बघितलं. "गेला ह्यो," म्हणाला, आणि कंबरेची सुरी काढली. आमच्यात जनावर तडफडत ठेवत नाहीत, आणि दम असेतो कापलं तरच ते खातात. "तोंड फिरव," बा म्हणाला. मी फिरवलं नाही. रक्त माझ्या परकरावर आलं, हातावर आलं, तोंडावर उडालं.

मग मी उठले. पंचाच्या हातातली काठी हिसकावली आणि बाला मारायला लागले. पाठीवर, खांद्यावर, कानावर, जिथं बसेल तिथं. बानं पहिलं काय केलं तर सुरी लांब भिरकावली, मला लागू नये म्हणून. हात वर केला नाही, काठी धरली नाही. दोघातिघांनी मला मागं ओढलं. पंच म्हातारा होता, तो माझ्यावर ओरडला, "पोरीनं हाक का मारली? म्या काठी आडवी धरतच व्हतो! एडकं फिरलं व्हतं, जगलं असतं."

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. माझ्या हातात काठी होती, अंगावर रक्त होतं.

बा वाळूतून उठला. कानातून रक्त येत होतं. म्हणाला, "तिला काय इचारताय? म्या खुनावलं तिला. म्याच म्हनलो, हाक मार."

त्याबरोबर लोक त्याच्यावर उलटले. पंच त्याच्या अंगावर थुंकला. कुणी कसाई म्हणालं, कुणी म्हणालं मेंढक्याला जनावराची माया नसते. बागायतदारानंही बोलून घेतलं. आणि मी धरणाऱ्यांचे हात सोडवून पुन्हा पुढं झाले. बा खोटं बोलतोय हे ठाऊक असलेली माणसं तिथं दोनच होती. त्यातल्या एकीनं दुसऱ्याला आणखी चार काठ्या घातल्या. त्या घडीला मला त्याचं खरंच वाटलं होतं, किंवा खरं वाटायला हवं होतं. पहिल्या मारात दुःख होतं असं एकवेळ म्हणता येईल. त्या चार काठ्यांना मला आजही नाव देता येत नाही.

त्या दिवशी तीन बिऱ्हाडांत मटण शिजलं. बा जेवला नाही. आईला तो एडका कधीच आवडला नव्हता, पण तिनंही घास घेतला नाही. ती चुलीपुढं बसून बाला म्हणाली, "लेकरासारखं वाडवलेलं जनावर, आन पोरीच्या तोंडून त्याला मरनाला बलिवलंस. तुजे हात झडू देत." मी दोन हातांवर बसून ऐकत होते. आता सांगावं, आता सांगावं असं मनाशी म्हणत राहिले. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक धोंडा घेऊन बागायतदाराच्या गोठ्याकडे गेले. काळा एडका लिंबाखाली बांधला होता. त्याच्याही कपाळावर रक्त वाळलं होतं, माशा बसत होत्या. मी जवळ गेले तर त्यानं काही खायला मिळेल म्हणून तोंड पुढं केलं. मी तरीही धोंडा घातला. त्याच्या जबड्यावर बसला, तो ओरडला, माणसं धावली. त्याचीही बोलणी बानंच खाल्ली. फेटा काढून हात जोडले आणि त्याच दिवशी आम्ही कळप हलवला.

पुढचे कितीतरी दिवस सकाळी उठले की माझी जीभ आपोआप टाळ्याला लागायची. आवाज निघण्याआधी मी दातांनी ती चावायची. रक्ताची चव तोंडात घेऊन मी मेंढरांमागं जायची. आठवणीत तो नेहमी चालत येताना दिसायचा. बाच्या कळपात पुन्हा टकरीचा एडका आला नाही. जत्रेला तो जाईना. आमच्या माणसांत त्याला मागून कसाई म्हणत, पुढं पुढं तोंडावरही म्हणू लागले. मी तिथंच असायची.

दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. नवरा मिरजेत रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. त्यानं मला लिहायवाचायला शिकवलं, मी त्याला रागाला घाबरायला शिकवलं. वर्षाच्या आत मुलगी झाली. ती माझ्यावर गेली, पाळण्यातच चापट मारायची.

कोयनेच्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात बा डोळा दाखवायला मिरजेत आला. दवाखान्याचं काम होईपर्यंत चार दिवस माझ्याकडे राहिला. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. आजा मेंढरं राखतो याचं तिला फार कौतुक. दुपारी मी भाकऱ्या थापत होते आणि ती त्याच्या मांडीवर बसली होती. तिनं विचारलं, "आजा, तुमच्याकडं शिंगांचा एडका हाय?"

"व्हता," बा म्हणाला. "तुज्या आईचा व्हता. लय गुनाचा. तिच्या हातनं खायाचा."

"मग कुठं हाय?"

"म्या मारला."

बा हे इतकं सहज म्हणाला की त्याला सात वर्षांत ते पाठ झालं होतं हे मला कळलं. पोरगी मांडीवरून उतरली आणि दोन्ही मुठींनी त्याला बडवायला लागली, छातीवर, तोंडावर. "का मारलास? माझ्या आईचा का मारलास?" एका डोळ्याला पट्टी बांधलेला माझा बा तिच्यापुढं तसाच बसला होता, हात खाली सोडून.

मी पिठाच्या हातानं उठले आणि पोरीला धरून झोडपलं. चापट, धपाटे, पाठीत, गालावर. तिच्या अंगावर माझी पिठाची बोटं उमटली. ती किंचाळत होती आणि मला थांबता येत नव्हतं. बा चाचपडत उठला आणि त्यानं माझं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझा हात धरून मला अडवलं.

"सोड तिला," तो म्हणाला. "लेकरू हाय. म्या तुला मारलं व्हतं का?"

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पोरगी समोर होती, बा समोर होता, एका वाक्याचं काम होतं. मी पुन्हा परातीपुढं जाऊन बसले. तव्यावरची भाकरी करपली होती. ती काढून दुसरी टाकली आणि बाला जेवायला वाढलं. चौथ्या दिवशी त्याला एसटीत बसवून दिला. पावसाळ्यात तो वारला.

माझी मुलगी आता साठीची आहे. आजा प्रेमळ होता, पण त्यानं आईचा एडका मारला, असं ती आपल्या नातवंडांना अजून सांगते. हे कागद मी आज तिला वाचायला देणार आहे. तिचा हात जड आहे आणि वाचून होईपर्यंत मी तिच्या समोर बसणार आहे.